ब्लाउजपीसचा झेंडा

इंग्रज आपला देश सोडून गेला असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. माझ्या घरी तो परत आला, आणि आला तो सरळ व्याही होऊन.

झालं असं, की लेक नागपुरातून इंजिनिअर होऊन अमेरिकेत चँडलरला गेली आणि तिथल्याच एका गोऱ्या इंजिनिअरशी लग्न ठरवून मोकळी झाली. फोनवर मला म्हणते, "आई, तो अमेरिकन नाहीये गं, इंग्लंडचा आहे." जणू तेवढ्यानं माझा जीव भांड्यात पडणार होता! मी म्हटलं, "बाप्पा! दीडशे वर्षं पुरली नाहीत का यांना?" पण जावई निघाला गुणाचा. भांडी घासतो, वरण-भात मागून खातो, मला सोडायला एअरपोर्टवर येतो तेव्हा डोळे पुसतो. मग काय बोलणार, कप्पाळ?

आमचे हे गेल्यापासून दर हिवाळा मी लेकीकडे काढते. त्या वर्षी व्याहीही आले. विहीणबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली होती. लेक-जावई ऑफिसला, आठ वर्षांची नात शाळेत, आणि दिवसभर घरात आम्ही दोन म्हातारे. बाहेर हिरवळीच्या जागी खडी पसरलेलं अंगण, त्यात दोन काटेरी निवडुंग आणि वर रिकामं निळं आभाळ. व्याही रोज संध्याकाळी पाइप घेऊन मागच्या फरशीवर पाणी मारायचे. झाड नाही, पान नाही, कोरड्या फरशीला पाणी! मी विचारलं तर म्हणाले, "ओल्या दगडाचा वास येतो. आमच्याकडे वर्षभर येतो." मीही सकाळी दारात तांब्याभर पाण्याचा सडा घालतेच, आणि लेक ओरडतेच.

आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत. मी मुलींच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला, त्यामुळे माझं इंग्रजी पुस्तकी. त्यांचं उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशरचं, अर्धी अक्षरं गिळणारं. दुकानातली पोरगी त्यांना विचारायची, "तुम्ही ऑस्ट्रेलियाचे का?" ते मान हलवायचे आणि गाडीत येऊन बसल्यावर खिडकीबाहेर बघत राहायचे. मला मात्र ते 'आजी' म्हणायचे. नात म्हणते म्हणून. माझ्याहून वयानं मोठा माणूस मला आजी म्हणतो, आता बोला!

माझा स्वभाव तापट. मनात आलं की तोंडात आलंच. नातीच्या बाबतीत माझं एकच दुखणं होतं: कळतं सगळं, पण मराठीत बोलायची नाही. मी हाक मारली की वरच्या खोलीतून आवाज यायचा, "व्हॉट?" मी जिना चढून वर जायची. "काय व्हॉट-व्हॉट लावलंय गं पोट्टे? आजीनं हाक मारली की 'ओ' म्हणायचं. हाकेला ओ द्यायची असते, प्रश्न नसतो विचारायचा!" ती हसायची आणि पुन्हा "ओके, आजी". व्याही हे सगळं खालून ऐकायचे. त्यांना ते 'ओ' फार आवडलं. म्हणाले, "नुसतं 'मी आहे' एवढंच सांगायचं, हो ना?" मी म्हटलं, "हो, एवढंच."

एक दिवस नात माझ्याशी सबंध जेवणभर इंग्रजीत बोलली आणि उठून गेली, तेव्हा माझा पारा चढला. मी व्याह्यांना सरळ म्हटलं, "तुमचं बरंय. तुमची भाषा बसल्या जागी मिळाली तुम्हाला. माझी नात तुमच्या भाषेनं गिळली."

त्यांनी काटा-चमचा सरळ केला. मग म्हणाले, "माझी भाषा? आजी, ती मला ग्रँडपा म्हणते."

"मग? काय म्हणायचं?"

"ग्रँडॅड. माझ्या आजोबांना मी तेच म्हणायचो. माझ्या वडलांना माझा मुलगा तेच म्हणायचा. तिकडची माझी नातवंडं तेच म्हणतात. ही शाळेत ऐकते तसं म्हणते. तुम्हाला वाटतं ती माझ्या भाषेत बोलते. मला ती अमेरिकन बोलताना ऐकू येते. तुमचा निदान एक शब्द आहे तिच्या तोंडात. माझे सगळेच आहेत, आणि एकही माझा नाही."

अगंबाई! मी म्हटलं, "मग सांगा ना तिला. मी सांगते हवं तर."

"नको, नको," ते घाईनं म्हणाले. "मागून मिळालेल्या हाकेत काय आहे?"

मला मात्र त्या दिवसापासून त्यांच्यासाठी काहीतरी करावंसं वाटायला लागलं. आणि नेमका शाळेचा कार्यक्रम आला. दर नोव्हेंबरात तिच्या शाळेत एक संध्याकाळ असते, प्रत्येक मुलानं आपल्या मूळ देशाचं टेबल मांडायचं, खाऊ ठेवायचा. नातीला दोन टेबलं मिळाली: भारत माझ्याकडे, ब्रिटन व्याह्यांकडे. मी जावयाच्या कॉम्प्युटरवरून जोरदार ऑर्डर केली. निळ्या-लाल-पांढऱ्या ब्रिटिश झेंड्याच्या पताका, तसाच टेबलक्लॉथ, लाल टेलिफोनचं खोकं आणि पिपाणी वाजवणारा घागरेवाला बाहुला. व्याही चहाला खाली आले तेव्हा सगळं टेबलावर मांडून ठेवलं. म्हटलं, खूश होतील.

त्यांनी एकेक वस्तू उचलून पाहिली. "फार छान. फारच प्रेमानं केलंत," म्हणाले, आणि पाइप घेऊन मागे फरशीवर पाणी मारायला गेले. दुपारी दोनला!

सुट्टीचा दिवस, लेक घरीच होती. मला म्हणाली, "आई, अगं, ते इंग्लिश आहेत. तो बाहुला स्कॉटलंडचा आहे. सगळे त्यांना ब्रिटिश-ब्रिटिश करतात, तेव्हा ते असेच बाहेर जातात. तू आता इश्यू करू नकोस, प्लीज."

काय फरक आहे? मी तर मुलींना तेच शिकवलं होतं: ब्रिटन म्हणजे इंग्लंड, इंग्लंड म्हणजे इंग्रज, आणि गेले एकदाचे. पण राहवेना. मागे गेले आणि खुर्ची ओढून बसले. म्हटलं, "आता मला शिकवा."

ते म्हणाले, "एका घरात चार भाऊ राहतात असं समजा. पाटीवर नाव थोरल्याचं. येणारा-जाणारा सगळ्या घरालाच थोरल्याच्या नावानं ओळखतो. धाकटे चिडतात, मग हट्टानं आपापल्या खोल्या सजवतात. त्यांचे कपडे, त्यांची गाणी. थोरल्याला वाटतं, अख्खं घर आपलंच आहे, खोली कशाला हवी? आणि म्हातारपणी त्याला कळतं, की आपल्याला खोलीच नाही. चूक त्याचीच आहे, आजी. दुसऱ्या कुणाची नाही."

"पण झेंडा असेल ना तुमचा वेगळा?"

"आहे. पांढऱ्यावर लाल फुली. पण तो घरावर लावला तर शेजारच्यांना वाटतं, हा बाहेरून आलेल्यांना हाकलायला निघालाय. तसली माणसंच तो जास्त मिरवतात. म्हणून आम्ही बाकीचे लावतच नाही."

हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. मराठी म्हणताना माझी छाती भरून येते. आणि त्याच नावानं कुणीतरी एखाद्या गरीब भाजीवाल्याच्या कानाखाली वाजवतो, तेव्हा शरमेनं मान खाली जाते. लाज झेंड्याची नसते, धरणाऱ्या हाताची असते. मी त्यांना तेही सांगितलं, आणि इकडच्या मराठी बायका मला "नागपूरच्या ना, मग घरी हिंदीच बोलत असाल?" असं विचारतात तेही सांगितलं. ते पहिल्यांदाच मोकळेपणी हसले. म्हणाले, "लंडनवाले आमच्याशी अगदी असंच बोलतात."

मग आम्ही दोघं कामाला लागलो. त्यांना पार्किन करायचा होता. ओट्स, आलं आणि काळ्या पाकाचा केक, थंडी सुरू झाली की त्यांच्या गावात शेकोटीभोवती खातात. इथला काळा पाक त्यांना कडूच लागला! दोन बाटल्या बाजूला ठेवल्या. मी इंडियन स्टोअरमधून काकवी आणली. त्यांनी बोट बुडवून चाखली आणि डोळेच मिटले. "ही कुठं होती इतके दिवस?" म्हणाले. केक झाला तर नात लगेच सुरी घेऊन हजर. "अंहं," ते म्हणाले, "डब्यात ठेवायचा. आठवडाभर तरी." मी म्हटलं, "कळलं, मुरायला हवा." त्या एका शब्दाचा अर्थ त्यांना सांगायला मला लोणच्यापासून जावयापर्यंत सगळं सांगावं लागलं.

आणि झेंडा मी शिवला. परदेशातल्या प्रत्येक मराठी घरात हळदीकुंकवाला मिळालेल्या ब्लाउजपीसांनी भरलेला एक खण असतो, आणि ते कुणीही कधीही शिवत नाही. त्यातला एक लालभडक काढला, जुन्या पांढऱ्या उशीच्या अभ्र्यावर उभी-आडवी पट्टी घातली. व्याह्यांनी तो हातात घेतला आणि शिवणीवरून नुसता अंगठा फिरवत राहिले. "लावायचा?" मी विचारलं. "तुमच्या टेबलाला लागून असेल, तर लावू," म्हणाले.

तर त्या संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये आमची दोन टेबलं शेजारी. माझ्याकडे कोथिंबिरीच्या पुडाच्या वड्या, त्यांच्याकडे काकवीचा पार्किन, आणि मागं भिंतीवर ब्लाउजपीसचा झेंडा. पहिली बाई आली ती रडणारं पोर घेऊनच. म्हणाली, "याचा गुडघा फुटलाय, बँड-एड आहे का?" मी म्हटलं, "हे दवाखान्याचं टेबल नाही, ताई, इंग्लंडचं आहे!" तेवढ्यात दुसरी आली, डोकेदुखीची गोळी मागायला. व्याही असे हसले, असे हसले, की खुर्चीच धरली. मग खिशातून स्वतःचाच बँड-एड काढला आणि पोराच्या गुडघ्याला लावला.

नंतर नातीचे सर आले. तिला म्हणाले, "अच्छा, म्हणजे तुझे आजोबा ब्रिटिश!" मी तोंड उघडणारच होते. पण पोट्टी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "नाही. ते इंग्लिश आहेत. यॉर्कशरचे. ब्रिटिश म्हटलं की ते फरशी धुतात."

हे सगळं इंग्रजीतच म्हणाली ती, पण माझीच मुलगी वाटली मला. व्याह्यांनी तोंड फिरवलं आणि पार्किनच्या वड्या उगाच पुन्हा पुन्हा लावत बसले. मग ती त्यांचा हात ओढत म्हणाली, "ग्रँडपा, कॅन आय हॅव द कॉर्नर पीस?"

ग्रँडपा. मी चिमटा काढायला हात पुढे केला, पण त्यांनी डोळ्यांनीच मला थांबवलं आणि कोपऱ्याची वडी तिला दिली.

डिसेंबरात ते परत गेले. एअरपोर्टवर नात त्यांच्या कमरेला घट्ट बिलगली. "बाय, ग्रँडपा!" त्यांनी तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवली. मला म्हणाले, "आजी, पुढच्या हिवाळ्यात काकवी आणून ठेवा." उरलेला पार्किन डब्यात माझ्या हवाली केला.

पुढचा हिवाळा कशाचा यायला! फेब्रुवारीत जावयाला फोन आला. व्याही झोपेतच गेले. जावई पहिल्या विमानानं निघाला. लेकीला इथून हलता आलं नाही, म्हणून आम्ही तिघी जणींनी शेवटचा निरोप लॅपटॉपवर पाहिला. तिथं दुपार, आमच्याकडे नुकतं उजाडलेलं. दगडी चर्च, बाहेर पाऊस, ओल्या छत्र्या. तो वास मला इथं बसून यावा असं फार वाटलं, पण कसा येणार? मग तिकडची नातवंडं एकामागून एक बोलायला उभी राहिली. दाढी आलेला एक उंच पोरगा, दोन मुली, एक लहानगा. ग्रँडॅड असं म्हणायचे, ग्रँडॅडनी मला सायकल शिकवली, बाय ग्रँडॅड, लव्ह यू ग्रँडॅड.

नात माझ्या मांडीला टेकून ऐकत होती. लॅपटॉप बंद झाला, लेक डोळे पुसत नवऱ्याला फोन लावायला आत गेली. नात हललीच नाही.

मग म्हणाली, आणि कधी नव्हे ते मराठीत, तुटक तुटक म्हणाली, "आजी, ते सगळे ग्रँडॅड म्हणतात. मी एकदा पण नाही म्हटलं. त्यांना पाहिजे होतं?"

खोटं बोलावं असं फार मनात आलं. पण मी म्हटलं, "हो गं राणी. फार पाहिजे होतं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुझं तुला यावं म्हणून ते थांबले होते."

ती उठली. मागचं सरकतं दार उघडून फरशीवर गेली. पाइप अजून त्यांनी गुंडाळून ठेवला होता तसाच होता. तिनं नळ सोडला, कोरड्या फरशीवर पाणी मारलं आणि हाक मारली. आधी हळूच. मग जोरात, शेजारच्या भिंतीपलीकडे जाईल इतक्या जोरात.

"ग्रँडॅड!"

आणि माझ्याकडे वळून बघत राहिली. हाक मारली की काय यायला हवं, ते मीच तिला शिकवलं होतं ना.

मी दारातून म्हटलं, "ओ."