झील धरायला कुणी नाही

आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, धंदा आराधी गाण्यांच्या कॅसेटी काढायचा. तुळजापुरात दुकानामागच्या खोलीत भिंतींना गोधड्या लावून ते देवीची गाणी गाणाऱ्या आराधिणींना बसवायचे. कॅसेटी गेल्या, सीडीही गेल्या. आता पुढच्या दुकानात मोबाइलची कव्हरं विकतात आणि गाणी यूट्यूबवर टाकतात. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, म्हणून कॉम्प्युटरचं सगळं मला येतं असं त्यांना वाटतं.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी सास्तूरकडच्या एका म्हाताऱ्या आराधिणीला बोलावलं. त्यांची पहिली कॅसेट तिचीच. तिच्याकडं एक लांबलचक गाणं होतं, तहानलेली देवी शेतातल्या बाईला पाणी मागते त्याचं. कॅसेटच्या एका बाजूत मावत नव्हतं म्हणून तेव्हा राहून गेलं. आता ते दुसऱ्या कुणाला येत नाही. तिच्या सुना डीजेच्या चालीवर गातात. तिला आम्ही मावशी म्हणतो. तिला आता बोलतानाही दम लागत होता. आज झालं नाही तर गाणं गेलं, हे आबांना दिसत होतं.

तिनं पहिली ओळ म्हटली आणि ती थांबली. पुढची बाई ओळ सोडते, मागची ओळीचं शेपूट उचलून ओढते, त्याला झील धरणं म्हणतात. तिची झील जन्मभर तिच्या जावेनं धरली होती. जाऊ मागच्या पावसाळ्यात वारली.

"मावशी, तुम्ही म्हणत ऱ्हावा. झील मागनं जोडू."

"मागनं? आन् तवर म्या गप बसू व्हय? झील आल्याबिगर म्होरली ओळ घावतच न्हाय, बाबा."

आबांनी मला झील धरायला बसवलं.

"लेकी, शाळंतली कविता म्हनल्यावानी व्हायलंय की," ती हसली. "सकाळधरनं जेवली न्हाईस व्हय?"

माझे कान तापले. आवाज आणखीच बारीक झाला.

मग आबांना सुचलं. कॅसेटवरच्या गाण्याची आणि या पाण्याच्या गाण्याची चाल एकच. जुन्या कॅसेटवरची जावेची झील तेवढी कापून मावशीला हेडफोनमधून ऐकवायची. मी तुकडे जोडले. पदरावरून हेडफोन लावला.

आवाज आला तशी तिनं मागं वळून पाहिलं. मग डोळे मिटले आणि ती गायला लागली, दम न लागता. पण ते गाणं जुनंच होतं, कॅसेटवरचं, कधीच विकून झालेलं. जावेनं ज्या गाण्याची झील धरली होती, त्याच गाण्यात मावशी शिरली.

मी खुणेनं विचारलं, थांबवू का? आबांनी मान हलवली. नको.

"आलं का रं सगळं?" शेवटी तिनं विचारलं.

"आलं, मावशी."

तिला बसमध्ये बसवून आबा परत आले. मी फाइल लावली. पाण्याच्या गाण्याची एकच ओळ होती.

"म्होरं मला येतंय थोडं," आबा म्हणाले. माइकसमोर बसले, खाकरले. ती ओळ म्हटली. पुन्हा तीच म्हटली. मग झील यावी म्हणून माझ्याकडं बघत राहिले.