धनीरामचा पाव तास

धनीराम आमच्या लाखांदूरच्या शाळेत एकतीस वर्षे घंटा देतो आहे. दिघोरीहून एसटीने येतो आणि दहाला दहा कमी असताना फाटक उघडतो. मनगटावरचे किल्लीचे घड्याळ रोज सकाळी रेडिओच्या बातम्यांवर लावतो. येत्या मार्चमध्ये तो निवृत्त होईल. सेवापुस्तकात उशिराचा एकही शेरा नाही.

जुलैत कार्यालयातला कॉम्प्युटर दुरुस्त होऊन आला. हजेरीचे अंगठ्याचे यंत्र त्याच्याच घड्याळावर चालते. शिपायाने दहाच्या आत अंगठा लावायचा, बाकीच्यांनी साडेदहाच्या आत. पहिल्या तीनच दिवसांत धनीरामच्या नावापुढे तीनदा 'उशीर' उमटला. चौथ्यांदा उमटला की सेवापुस्तकात शेरा जाणार होता.

मी शाळेचा लिपिक. त्याला विचारले, "बस उशिरा येते काय?"

"बस उशिरा आली असती तं तुमच्याआधी कसा आलो असतो, बाबूजी?"

पाहिले तर कॉम्प्युटर पंधरा मिनिटे पुढे. मी वेळ लावली आणि धनीरामची हजेरी तोवर वहीत घेतली. दुसऱ्या सकाळी पुन्हा पुढे. दुरुस्तीवाल्या विक्कीने आतला बटणाएवढा सेल बदलला. तरी तेच.

धनीराम खुर्चीमागे मनगट धरून उभा होता. "सेल संपला तं घडी मागं पडते. हे पुढं काहून जाते?"

विक्कीने सेल काढून पुन्हा बसवला.

"आन् रोज पंधराच मिनिटं. चौदा नाही, सोळा नाही. बिघडलेली घडी इतकी शिस्तीची नसते. हिले कोणीतरी सांगून ठेवलं हाये."

ते मला पटले. मी इंटरनेटची वायर काढून वेळ लावली. दोन तास घड्याळ बरोबर चालले. वायर जोडली आणि थोड्या वेळात ते पुन्हा पाव तास पुढे. म्हणजे वेळ बाहेरून येत होती, पण कुठली? सेटिंग उघडले. गावाच्या रकान्यात काठमांडू होते. नेपाळची वेळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे असते, हे मला सत्तावन्नाव्या वर्षी कळले. आणि तो रकाना, कॉम्प्युटर आला त्या दिवशी, मीच भरला होता. यादीत बोट एखाद-दोन ओळी खाली सरकले असावे.

मी रकाना दुरुस्त केला आणि तिन्ही उशिरांपुढे 'घड्याळाची चूक, लिपिकाकडून' असे लिहून सही केली. मुख्याध्यापिकांनीही सही केली.

धनीरामने तो कागद दोनदा वाचला. "म्हंजे तिकडच्या शाळेत उशीर झाला मले. इथं नाही."

"इथं नाही," मी म्हणालो.

त्याने मनगटाकडे पाहिले, मग पडद्याकडे. दोन्हीकडे साडेदहा वाजत होते. तो घंटा द्यायला गेला.