पिवळे त्रिकोण

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार आहेत ते दस्तगीरचाचांचे. नव्वदचं दशक सरत आलं होतं. घरातला पहिला पदवीधर म्हणून मी मेढ्याहून साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आलो, तेव्हा मला माउससुद्धा धरता येत नव्हता. "धर की रं, चावतोय व्हय?" म्हणत चाचांनीच माझा हात त्यावर ठेवला.

चाचा इस्लामपूरचे. उमर छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेली. खिळे बंद पडले तसे आमच्याकडे तपासनीस म्हणून आले. परदेशी यंत्रांची माहितीपुस्तकं आम्ही संगणकावर चढवत असू. पुस्तक पुरं झालं की संगणकाकडून तपासून घ्यायचं. मग पडद्याच्या तळाशी यादी येई. चुकीपुढे तांबडा गोळा, इशाऱ्यापुढे पिवळा त्रिकोण, नुसत्या माहितीपुढे निळा ठिपका. तांबडा असेतोवर फाइल पुढे जातच नसे. पिवळा असला तरी जाई. म्हणून आम्ही पोरं त्याच्याकडे बघतही नसू.

चाचा मात्र पिवळ्यासाठीच बसत. "तांबडं बघून कुणीबी थांबतंय, गड्या. पिवळ्यापाशी थांबंल त्यो खरा तपासनारा."

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, हे फक्त मला ठाऊक होतं. कागदावरचं ते भिंग लावून वाचत. पडद्यावरच्या बारीक खुणा त्यांना दिसत नसत. म्हणून छापखान्याच्या जुन्या रीतीनं मी यादी मोठ्यानं वाचायची आणि त्यांनी छापील पानावर बोट फिरवत जागा शोधायची. साहेबांना वाटे, म्हातारा मला शिकवतोय. ते खोटंही नव्हतं.

एकदा बॉयलरचं पुस्तक पाच वाजता जायचं होतं. तांबडे संपले होते, पिवळे दोनशेच्या वर होते. त्याच महिन्यात माझी नोकरी कायम व्हायची होती. गावाकडे सगळे कायम झाल्याच्या कागदाची वाट बघत होते. 'फक्त चुका दाखवा' अशी एक सोय होती. मी ती दाबली. पिवळे दिसेनासे झाले.

"त्रिकोन किती रं?"

"एकही नाही, चाचा."

"एकबी न्हाई? लय झ्याक काम केलंस." त्यांनी सही केली.

आठवड्यानं पुस्तक परत आलं. झडप उघडण्याआधीची धोक्याची सूचना जिथं हवी, तिथं कोरी चौकट होती. त्या पिवळ्यांतला एक तिच्यासाठीच होता.

"सही कुणाची?" साहेब ओरडले.

"माजी हाय."

चाचांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांना त्याच दिवशी काढलं.

स्टँडवर त्यांची पिशवी मी एसटीत ठेवली. खिडकीतून ते म्हणाले, "यादी मोकळी दिसली का आदी बघावं, गड्या. मोकळी हाय, का कुणी झाकलीया."

मी कायम झालो. तो कागद घरी दाखवला. चार महिन्यांनी त्यांना पत्र टाकलं:

"ती. चाचांना सा. न.

यादी मी झाकली होती. आज साहेबांना लेखी दिलं. ते म्हणाले, 'आता काय उपयोग?' उद्यापासून मला येऊ नको म्हणाले. तुम्हाला परत घेणार नाहीत, तेही म्हणाले.

हे पत्र तुम्हाला कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल. वाचणाऱ्याला सांगा, एकही ओळ गाळू नकोस."