आर्णीला गेले, मेमरीच्या पट्टीवरचा दाणा बसवायला

जळकी मेमरीची पट्टी रुमालात गुंडाळून कुणी प्रवासाला निघतं का? मी निघाले.

आर्णीला माझी मावसबहीण रंजना कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवते. तिचा फोन आला, "ताई, माळ्यावरचा तुझा जुना कॉम्प्युटर फेकला तं नाही ना? त्यातली मेमरी घेऊन ये. जळकी असली तरी चालते."

हवी होती वानखडे सरांसाठी. सर निवृत्त शिक्षक, दृष्टी गेलेली. छप्पन साली नागपूरला धम्मदीक्षेला गेलेल्या आपल्या आईची हकिकत ते लिहीत होते आणि लिहिलेलं त्यांचा जुना कॉम्प्युटर वाचून दाखवायचा. साफसफाईत त्याच्या मेमरीच्या पट्टीवरचा तिळाहून लहान दाणा, म्हणजे रेझिस्टर, उडाला आणि कॉम्प्युटर मुका झाला. तशी पट्टी आता मिळेना. नव्या कॉम्प्युटरवर सरांच्या सवयीचा आवाज चालेना. लिखाण शाबूत होतं, ऐकवणारं कुणी नव्हतं.

नाशिकहून रेल्वेनं धामणगाव, तिथून एसटीनं बाभुळगावमार्गे यवतमाळ, गाडी बदलून आर्णी. एसटीत बायकांना अर्धं तिकीट. यवतमाळला तर्रीपोहे खाऊनच पुढे निघा. जायचं तर दिवाळीनंतर. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला असतो. उन्हाळ्यात चुकूनही नको.

दुकानात सर आधीच येऊन बसले होते. रंजनानं सरांची मोडकी पट्टी भिंगाखाली धरली. "पाहा ताई."

मी भिंगावर वाकले. हिरव्या पट्टीवर केसासारख्या तांब्याच्या रेषा. काही सरळ, काही उगाच नागमोडी.

"उगाच नाही," रंजना म्हणाली. "जवळून जाणाऱ्या रेषेले मुद्दाम वळणं दिली. सगळे सिग्नल बरोबरीनं पोचले पाहिजेत."

पट्टीच्या कडेला असलेल्या सोनेरी दातांच्या वर रेझिस्टरची रांग होती, एक जागा रिकामी. मी विचारलं, "मग तिथे नुसती तार जोडली तर?"

"करून पाहू."

तिनं बारीक तार जोडली. कॉम्प्युटर सुरू झाला! सरांनी टाळीसाठी हात उचलले, तोच आवाज अर्ध्या शब्दावर अडखळला आणि पडदा निळा झाला. सरांचे हात हळूच मांडीवर आले.

"काहून?" त्यांनी विचारलं.

"सिग्नल लय जोरात जाते, सर. टोकाले आदळून माघारी येते, मागून येणाऱ्यात मिसळते. हा दाणा ते माघारी येणं गिळून टाकते."

 सर म्हणाले, "रिकाम्या खोलीत बोललं का आवाज घुमते. तीच खोली कापसानं भरली का घुमत नाही. असंच ना?"

"अगदी असंच!" रंजना हसली.

माझ्या जळक्या पट्टीवरचे दाणे शाबूत होते. मीटरवर दोन्ही पट्ट्यांचे दाणे सारखेच भरले. रंजनानं पंखा बंद केला, तार काढली आणि माझ्या पट्टीवरचा एक दाणा सोडवून चिमट्यानं त्या जागी ठेवला. तो तिरका बसला होता. पण गरम हवेनं कथील वितळलं आणि दाणा आपोआप सरकून सरळ झाला, झोपेत कूस वळवावी तसा. मी चक्क हात जोडले.

मेमरीच्या तपासणीत एकही चूक निघाली नाही. मग तो सपाट, यंत्राचा आवाज आला: "आई पुढे चालत होती आणि मी तिच्या कडेवर होतो."

सरांनी मान खाली घातली.  मग म्हणाले, "रंजना, कीबोर्ड इकडे सरकव. पुढचं लिहायचं राह्यलं."

दुसऱ्या दिवशी रंजनाच्या घरी भाकरी-ठेचा खाऊन परतले.

घरी आल्यावर धूळ पुसायला म्हणून मी रोजच्या वापरातला कॉम्प्युटर उघडला आणि ब्रश हातातच राहिला. इतकी वर्षं हे इथेच होतं. एका सेकंदात कोट्यवधी वेळा काही धावत होतं, आदळायच्या आत शांत केलं जात होतं, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. नवऱ्याला हाक मारली. त्यानं डोकावून विचारलं, "काय बिघडलं?"

"काहीच नाही," मी म्हणाले. "तेच बघायला बोलावलं."