दोन किलो जवसाची आगोट

महाडच्या बाजारात मिरचीचा ठसका लागला की नवखा माणूस इकडेतिकडे बघतो. महाडकर नुसता नाकाला रुमाल लावतो. नुरजहाँचा डंक सुरू झाला, एवढं त्याला कळतं. होळीपासून मृगापर्यंत कितीतरी घरांचा वर्षाचा मसाला तिच्या त्या एका यंत्रात कुटला जातो. नवरा गेला तेव्हा मुलगा सोहेल शाळेत होता. तेव्हापासून डंक तिच्या हाती. आता सोहेल कुवेतला आहे, घरात सून आली आहे, आणि साठीला टेकलेली नुरजहाँ अजूनही डोक्याला ओढणी गुंडाळून यंत्रापुढेच बसते. जीभ तिखट, पण काम चोख. आपल्या हातचा मसाला पावसाळ्यात कधी बिघडला नाही, याचा तिला भारी तोरा होता.

होता म्हणायचं, कारण गेल्या मे महिन्यात गोदूबाई आली.

ही बाई कापड्याच्या वरच्या वाडीतली. कापड्याला एसटीतून उतरायचं आणि तिथून तासभर चढायचं, अशी तिची वाडी. दरवर्षी ती मिरच्या घेऊन यायची. यंदा मिरच्यांआधी तिने डॉक्टरांची चिठ्ठी काढली.

"भाभी, आमच्या म्हाताऱ्याला छातीचं दुखनं झालं. डाक्टर म्हनला, गोळ्या चालूच ठेवा नि रोज चमचाभर जवसाची पूड द्या. आता जवस मी कुठं शोधू?"

"घाटावरचं धान्य ते. आपल्याकडं पेरतो कोण?" नुरजहाँ म्हणाली आणि चक्क भर गर्दीत यंत्र बंद करून तिला वाण्याकडे घेऊन गेली. तिथे तिने तीन गोण्यांत हात घातला. पहिल्या गोणीतला जवस निस्तेज होता, दुसऱ्यात माती होती. तिसऱ्यातले दोन दाणे तिने दाताखाली फोडले, कटकन आवाज आला, तेव्हा कुठे तिने मान हलवली. तो दोन किलो जवस तिने स्वतः पाखडला आणि मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजला. डंकातलं तिखट निघून जावं म्हणून आधी दोन ओंजळी तांदूळ कुटून टाकून दिले. हृदयाच्या दुखण्याचा माणूस, त्याला ठसका नको.

"सगळाच कुटू?"

"सगळाच. पावसात आमी कुठं खाली येनार?"

नुरजहाँलाही त्यात वावगं काही वाटलं नाही. कोकणातली आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, अशीच होते. उन्हाळ्यात एकदाच कुटायचं, बरणीत दाबून भरायचं, झाकण घट्ट लावायचं. मसाल्यात घालतो तसे हिंगाचे दोन खडेसुद्धा तिने वर ठेवले. गोदूबाई जाताना एक वाटी पूड ठेवून गेली. "तुमी पन खा," म्हणाली. वाटी फडताळात गेली आणि धंद्याच्या धांदलीत नुरजहाँ ती विसरली.

श्रावणात सून मेहविशने फडताळ आवरायला काढलं. वाटीवरचं झाकण उघडून ती मागे सरली. दाराला तेलरंग लावताना येतो तसला वास घरभर पसरला.

"अम्मी, हे खवट झालंय. जवसाला तेल फार असतं, पूड केली की ती टिकत नाही. आठवड्यापुरतीच कुटायची आणि फ्रिजमध्ये ठेवायची. अख्खे दाणे मात्र कोरड्या डब्यात महिनोन्‌महिने राहतात. माझ्या मैत्रिणीची आई नागपूरची आहे, ती असंच करते."

नुरजहाँने चिमूटभर पूड जिभेवर ठेवली आणि थुंकली. असलीच दोन किलो पूड तिने एका आजारी माणसासाठी डोंगरावर पाठवली होती, तीही मोठ्या तोऱ्यात. गोदूबाईचा फोन नंबर तिच्याकडे नव्हता. तिची ती रात्र कशी गेली ते विचारू नका.

सकाळी ती वाण्याकडून आणलेला दोन किलो अख्खा जवस आणि घरातला लोखंडी खलबत्ता पिशवीत घालून पोलादपूरवरून कापड्याला जाणाऱ्या गाडीत बसली. मेहविश म्हणाली, "तुमचे गुडघे?" त्यावर सासूबाईंनी जे उत्तर दिलं ते इथे सांगण्यासारखं नाही. कापड्याहून वर चढताना पायवाटेचं पाणी घोट्यापर्यंत येत होतं. दर वळणावर ती खलबत्ता खाली ठेवायची, दम घ्यायची, आणि गोदूबाई काय काय बोलेल त्याची मनातल्या मनात तयारी करायची. एकदा मात्र वेगळीच भीती वाटली. वर गेल्यावर म्हातारा असेल ना?

म्हातारा होता. गोदूबाईचा नवरा आबाजी ओट्यावर घोंगडी पांघरून बसला होता, पण निम्मा झालेला. गोदूबाईने भिजलेल्या पाहुणीला आधी कोरडं लुगडं दिलं, मग चहा दिला.

"दीड महिना झाला भाभी, अन्नावर वासनाच नाय. भाकरीचा तुकडा मोडतात नि ताट सारतात. मी मंग पूड दोन चमचे केली. औषध हाय, गुन येईल म्हनलं."

"आणि ती कडू नाय लागली?"

"लागते की," आबाजी म्हणाला. "दिवसभर तोंडातून जात नाय. पन औषध कडूच असायचं. नि ही बाय माझ्यासाठी महाडपर्यंत गेली, तुमी एवढा कुटाना केलात. तोंड वाकडं कसं करू?"

नुरजहाँने कपबशी खाली ठेवली. ती एका दमात सगळं बोलून मोकळी झाली. पूड खराब झाली आहे, औषध कडू नव्हतंच, आपल्याला मसाला कळतो पण जवस कळला नाही, चूक आपली. गोदूबाईचा चेहरा उतरला.

"म्हंजे मीच वाढवून वाढवून घातली व्हय?"

"तू नाय गो. मी कुटली."

मग आबाजीने घसा खाकरला. "बाय, या वाडीवर जो चढून येतो तो काय ना काय मागाय येतो. आपली चूक सांगाय चढलेली तू पयलीच. बरं वाटलं."

नुरजहाँ शिव्या झेलायला आली होती. तिने अल्लाचे आभार मानले, आणि त्या दोघांचे त्याहून मोठ्याने मानले, अगदी हात जोडून. एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकापुढे तिचे हात पहिल्यांदाच जुळले.

तिने पिशवीतून खलबत्ता काढला तेव्हा गोदूबाई हसायला लागली. "आमच्या घरात काय खलबत्ता नाय? एवढं लोखंड कशाला वाहिलंस?" मग दोघींनी मूठभर जवस तव्यावर भाजला, गार केला, लसूण आणि मीठ घालून कुटला. बाकीचे दाणे कोरड्या डब्यात भरले आणि डबा ओलीपासून लांब, चुलीवरच्या फळीवर ठेवला. दर सोमवारी आठवड्यापुरतंच कुटायचं, असं ठरलं. जुनी बरणी गोदूबाईने उकिरड्यावर पालथी केली.

तिघं जेवायला बसली. आबाजीने नाचणीच्या भाकरीला ती चटणी लावून जिभेवर ठेवली आणि संशयाने बायकोकडे पाहिलं.

"हे औषध नाय. हे तर बरं लागतंय."

त्याने सावकाश तुकडा मोडला, मग आणखी एक. भाकरी संपली. त्याने ताट सारलं नाही, पुढे केलं.

"अर्धी अजून दे," तो म्हणाला.

गोदूबाई भाकरी आणायला उठली आणि चुलीपाशी जाऊन पाठमोरी बसली. पदराने डोळे पुसताना तिचे खांदे हलत होते, म्हणून नुरजहाँच उठली आणि तिने आबाजीच्या ताटात भाकरी वाढली. अर्धी नाही, अख्खी.