बांधावरच्या तुरीच्या कळ्या

त्या हिवाळ्यात दिवसभरात माझं बोलणं व्हायचं ते एकाच बाईशी, तेही बांधाच्या दोन बाजूंना उभं राहून.

मी नांदेडची. शिक्षण संपल्यावर बियाण्यांच्या एका कंपनीत लागले आणि लातूरला खोली घेतली. खोलीत आणखी दोघी होत्या, क्लासवाल्या. कानात इअरफोन घालून अभ्यास करायच्या. मी सकाळच्या एसटीने औशाकडे निघायचे, फाट्यावर उतरून चालत शेतावर. तिथे संकरित तुरीचा बीजोत्पादनाचा प्लॉट होता. त्याची फुलं तपासणं हे माझं काम. सूक्ष्मदर्शक आखाड्यावरच्या, म्हणजे शेतातल्या वस्तीवरच्या, पत्र्याच्या खोलीत, दारापाशी, उजेडाकडे तोंड करून ठेवलेला.

तुरीची कळी उघडण्याआधीच आतलं सगळं होऊन गेलेलं असतं. कोवळी कळी सुईने फोडून परागकोश काचपट्टीवर घ्यायचा, लाल रंगाचा थेंब टाकायचा, वर पातळ काच ठेवून अंगठ्याने दाबायचं. आधी मोठ्या गोल पेशी दिसतात. एकेक पेशी दोनदा विभागते आणि चार होतात. त्या चौघी एकाच आवरणात चिकटून बसलेल्या असतात. मग परागकोशाच्या आतल्या थरातून असं काही पाझरतं की ते आवरण विरघळतं आणि चौघी सुट्या होतात. तोच थर स्वतः झिजत त्यांना पोसतो. प्रत्येकीभोवती जाड कवच चढतं, आत दाणा भरतो, मग त्याला परागकण म्हणायचं. आमच्या प्लॉटमधल्या मादी ओळींत हे होत नाही. तो वाणच तसा. चौघी सुटत नाहीत, तिथेच सुकतात. परागकोश पांढुरका आणि पोकळ राहतो. त्या ओळींना शेंगा धरतात त्या शेजारच्या नर ओळींच्या परागावर, मधमाश्यांनी आणलेल्या. म्हणून आसपास तिसरी कुठलीही तूर फुललेली चालत नाही.

आणि शेजारच्या बांधावर नेमकी तुरीची पाच-सहा झाडं होती. उशिरा पेरलेली, नुकती कळ्यांवर आलेली. झाडं त्या बाईंची. साठीच्या असतील, शेत त्यांचं स्वतःचं. तुरीवर त्यांनी वालाचा वेल चढवला होता.

"उपटायची? अन् वेल काय माज्या डोक्यावर चढवू?" त्या म्हणाल्या.

मला वाद घालता येत नाही. मी म्हणाले, "मावशी, झाडं राहू द्या. नुसत्या कळ्या तोडू. रोज, कोवळ्या असतानाच."

"वाल ऱ्हाईल ना? मग तोड. पर तू यायचं रोज. मला काय तेवढं दिसत न्हाई."

मी रोज जायचे. कळ्या तोडायच्या, त्यातली एखादी दाबून बघायची. आत अजून चिकटलेल्या चौघींच्या चौकड्याच दिसल्या की मला हायसं वाटायचं. रविवारीही जायचे. कळ्यांना सुट्टी नसते, असं खोलीतल्या दोघींना सांगायचे. त्यांनी विचारलेलं नसायचं.

"आली का गं कळीवाली?" मावशी लांबूनच ओरडायच्या. "ह्या तुज्या तुरीत नुसत्या बायाच म्हनतीस?"

"काही ओळींत. बाकीच्या नर."

"म्हंजी घरजावई पेरलेत म्हन की!" त्या स्वतःच हसल्या. "अन् तुला कवा आनायचा?"

"मला नको."

"हाव, सगळ्याच म्हनत्यात आसं."

एकदा त्यांना आखाड्यावर नेऊन सूक्ष्मदर्शकात बघायला लावलं. एक डोळा हाताने झाकून त्या कितीतरी वेळ वाकून राहिल्या. "लाल मोहरी दिसायली," म्हणाल्या, "फोडनीला लई बारीक." त्या मला सगळं विचारायच्या, मी अर्ध्याची उत्तरं द्यायचे. उरलेल्या अर्ध्याबद्दल त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही. ही कळ्यांची तोडणी संपली की आपल्याशी बोलणारं कुणी उरणार नाही, हे मला माहीत होतं.

तपासणीच्या दिवशी आमचे साहेब यायचे होते. सकाळी तोडताना वालाच्या एका पानाआड एक टपोरी कळी सापडली. पिवळी, दुसऱ्या दिवशी उमललीच असती. तशी किती दिवस नजरेतून सुटली होती कोण जाणे. आखाड्यावर जाऊन ती दाबली. एकही चौकडी नाही. सगळे कण सुटे, गच्च भरलेले, गडद लाल, आणि परागकोश मिटल्या कळीतच फुटलेला.

साहेब आले, बांधाशी थांबले. "ही तूर कुणाची?"

एसटीत बसून मनाशी जुळवलेली वाक्यं मी त्यांच्यापुढे बोलले. इंग्रजीत सुरुवात झाली, मग मराठीत आले. त्यांनी मध्ये न तोडता ऐकलं.

"कल्पना वाईट नाही," ते म्हणाले. "एकही कळी सुटत नाही, याची खात्री देतेस? देत असशील तर राहू दे झाडं."

मावशी पलीकडेच होत्या. "दे की गं खात्री! रोज तर तोडायलो आपन."

मी साहेबांना आखाड्यावर घेऊन गेले. काचपट्टी अजून तिथेच होती, ती त्यांना दाखवली. "नाही देता येत," मी म्हणाले.

साहेबांनी बांधावर येऊन मावशींना त्या कळीचं सांगितलं. झाडं त्यांनी स्वतःच उपटली. आधी वेल सोडवायला घेतला, तो जागोजागी तुटला. मी धरायला गेले.

"नको लावू हात." मग माझ्याकडे न बघता, "येकच व्हती न्हवं कळी? गप बसली आसतीस तर कुनाला कळनार व्हतं?"

कुणालाच नाही. आमच्या मादी ओळींत भलताच दाणा धरला असता आणि पुढच्या वर्षी कुणाच्या तरी शेतात उगवला असता. मी बाजूला झाले. त्यांच्या हातात वेलाचा भारा होता.

प्लॉट पास झाला. साहेबांनी फोनवर शाबासकी दिली. मला आता फक्त आमच्याच ओळी तपासायच्या होत्या, आणि मावशींना या बाजूला येण्याचं काही काम उरलं नव्हतं. एका सकाळी त्या शेताच्या पार पलीकडच्या कडेने जाताना दिसल्या. मी "मावशी" म्हणून हाक मारली. माझा आवाज तिथवर पोचला नसेल, किंवा पोचलाही असेल. त्या चालत राहिल्या. दुसऱ्यांदा हाक मारायची मला सवय नव्हती.