वसंताची फुंकर

लालबागचा आमचा मेकॅनिक वसंता राणे गेला, हे त्याच्या बायकोने दवाखान्यात येऊन सांगितलं, तेव्हा मी एका गिरणी कामगाराची छाती तपासत होतो. त्याला महिना झाला. शोकसभेत सगळ्यांनी त्याच्या हाताची तारीफ केली, मीही केली... आणि घरी आल्यावर मला स्वतःचीच शिसारी आली.

माझी जुनी गाडी ब्रेक लावला की भयंकर किंचाळायची. परळ-लालबागात त्याचं कुणाला काही नव्हतं. उलट डॉक्टर आले हे नाक्यावर कळायचं. पण वाळकेश्वरच्या एका बंगल्यात व्हिजिटला जाऊ लागलो आणि मला लाज वाटायला लागली. आवाज बंद कर, असं वसंताला सांगितलं. त्याने ब्रेकच्या लायनिंगच्या दोन पट्ट्या पुढे ठेवल्या, एक मऊ, एक कडक.

"मऊ घातलंय तर आवाज येवचो नाय. पण उतारार तापला काय ब्रेक धरूचो नाय. तुमची पोरांबाळां बसतत हेच्यात, डॉक्टर."

त्याने कडकच घातली आणि आवाज जावा म्हणून तिच्या कडा कानशीने घासत बसला. फडक्याने पुसलं तर तेल लागतं, तेल लागलं की पकड जाते, म्हणून धूळ तो तोंडाने फुंकायचा. करडी भुकटी त्याच्या मिशांवर बसायची. मी शेजारी नाकाला रुमाल लावून उभा! थोडा चिरका आवाज उरलाय, म्हणून मी त्याला चार वेळा ते करायला लावलं.

पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत जखमींना घेऊन येताना एक म्हातारी गाडीपुढे आली. गाडी जागच्या जागी थांबली, ती वसंताच्या हट्टामुळे. तोवर त्याचा खोकला सुरू झाला होता, ज्याने पुढे तो गेला. मी बाटलीभर औषध दिलं आणि विषय संपवला. गिरणीतल्या माणसांना तोंडाला फडकं बांधा म्हणून रोज ओरडणारा मी, वसंताला एकदाही बोललो नाही. गिरणीतली धूळ शेटजींसाठी उडायची. ही माझ्यासाठी उडत होती.

गाडी आता गुपचूप थांबते. तिच्या खणात मी नेहमी इस्त्रीचे दोन रुमाल ठेवतो, तेव्हाही ठेवायचो. एक माझ्या नाकाला असायचा. दुसरा घडी न मोडता तिथेच पडलेला असायचा.